विषयाची ओळ

हर्णैला बर्फाच्या कारखान्यावर आमची खोली.
खाली कॉम्प्रेसर लागला की टेबलावरचा चहा थरथरतो
आणि कुणी कोड आत टाकला
की मेल येतो.

यायचा, तो असा:
विषयाच्या जागी चाळीस अक्षरांचं लेंढार,
सात एफ तीन बी शून्य नऊ...
जणू माणसाला हाक मारायची
तर आधी त्याचा आधार क्रमांक म्हणायचा.
मग तारीख, ग्रीनिचच्या वेळेतली.
मग फायलींची रांग.
मग अधिक-उण्याच्या नऊशे ओळी,
ओल्या जाळ्यासारख्या ओतलेल्या.
आणि संदेश: 'बदल केले.'

दिवसाला साठ.
मी एक फोल्डर केलं होतं, त्यात ते आपोआप बुडत.
सोसायटीचे सेक्रेटरी भार्गव चोगले,
त्यांनी भाच्याला सांगून बंदच करून घेतले होते.

मंगळवारी डिझेल पंपावर अकरा होड्या अडल्या.
कोटा शून्य.
एक वजाबाकी दोनदा झाली होती,
आदल्या दिवशीच्या सोळाव्या मेलात,
तीनशे अठराव्या ओळीवर.
वहीत हाताने लिटर मांडून निभावलं,
तोवर ओहोटी लागली.

चोगले जिना चढून आले, घामाघूम.
'कळवायचं तरी होतंत.'
कळवलं होतं, मी म्हणाले, आणि मेल उघडून दाखवला.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
'हे कळवलंत. सांगितलंत कुठे?'

संध्याकाळी बंदरावर गेले.
बैलगाड्या गुडघाभर पाण्यातून वर येत होत्या.
चांगुणाबाय दोरकुलकर लिलाव पुकारत होती:
'सुरमय! तीन टोपल्या! पावश्यांची! आजची!'
होडीचा नोंदणी क्रमांक तिने एकदाही घेतला नाही.
वरचा एक मासा उचलला, कल्ले उलगडून लाली दाखवली.
खालचे बघायचेत? या पुढे, घाला हात.
मांदेली ढिगानेच विकली,
एकेक मोजत कोण बसतो.

रात्री स्क्रिप्ट उघडली.
विषय साठ अक्षरांत. कुठे, काय, कुणी.
वेळ आपली.
वरच्या चाळीस ओळी, बाकीच्या दुव्यावर,
हात घालायचा त्याने घालावा.
काढलेल्या ओळी लाल, नव्या हिरव्या,
आणि चोगल्यांना लाल-हिरवं एकच दिसतं म्हणून
समोर 'गेली', 'आली' असंही.
नुसत्या मोकळ्या जागा हलल्या असतील तर मेलच नको.
किरकोळ कमिट तासाला एका ढिगात.
पण लिटरला नाहीतर रुपयाला हात लागला,
तर एकटा मेल, त्याच क्षणी.

दोन वाजता वीज गेली. लॅपटॉपच्या उजेडात
एक ओळ उरली, ती यंत्राकडून भरून घेता येईना.
'का'.
काय बदललं ते त्याला दिसतं,
किती वाजता, कुणाच्या हाताने, तेही.
का, ते त्याला कुठून दिसणार?
ती रिकामीच ठेवली आणि अट घातली:
ही भरल्याशिवाय कोड आत येणार नाही.

सकाळी नुसरत हमदुलेचा फोन. चिडलेली.
'हे काय नवीन? अडवतंय मला.'
'का ते लिही.'
'काहीतरी लिहू?'
'काहीतरी नको.'

बराच वेळ काही आलं नाही.
चहावर साय धरली, कॉम्प्रेसर बंद पडून पुन्हा लागला.
मग:

डिझेल कोटा: वजाबाकी एकदाच. नुसरत.
का: चूक माझी होती. त्या अकरांत अब्बांची होडी होती.

खिडकीतून पंप दिसतो.
चोगले फोन डोळ्यांपासून लांब धरून
रांगेतल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवत होते,
'गेली' कुठे, 'आली' कुठे,
ओळीवर बोट ठेवून.